स्पॅनिश शिकायला सालामांकाला नऊ महिने – विचारा काय विचारायचं ते (आणि आमचं जेवण कोणीतरी रात्री दहाला वाढा)

गोदाकाठ | १२ जुलै, रात्री १२:५०

नाशिकला परत येऊन तीन आठवडे झाले. गंगापूर रोडला भाजी घ्यायला थांबले तरी कोणीतरी गाठतं. "अगं, तू फ्रान्सला होतीस ना?" मग स्पेन सांगायचं. मग "तिथे इंग्लिश चालतं का", मग "खायचे हाल झाले असतील". एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसता धागा पाठवीन.

सप्टेंबर ते जून, गाव सालामांका. माद्रिदहून बसने साधारण अडीच तास. विद्यापीठ १२१८ सालचं. स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये याच गावात छापलं गेलं, त्यामुळे आपण बोलतो तेच शुद्ध असा गावाचा ठाम समज आहे. (पुण्यातल्या एका पेठेची आठवण येते, नाव घेत नाही.) मी इथून ए-टू करून गेले होते, परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात बसून बी-टू करून आले. (भाषेच्या युरोपीय पातळ्या या, ए-वन ते सी-टू.)

व्हिसा, फॉर्म वगैरे विचारलंत तर सांगेन. आधी जे मला कोणीच सांगितलं नव्हतं ते.

पहिलं म्हणजे वेळ. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. पहिल्या संध्याकाळी सात वाजता भुकेने कळवळून एका हॉटेलात शिरले, तर माणूस म्हणाला किचन नऊला उघडेल. दुपारी दोन ते पाच बहुतेक दुकानांची शटरं खाली. रविवारी तर चिटपाखरू नाही. पहिला रविवार मी विमानातून आणलेल्या चिवड्यावर काढला. पुढे ते इतकं अंगात भिनलं की आता आई साडेआठला ताट वाढते तेव्हा मला भूकच नसते, आणि हे टाइप करतेय तेव्हा एक वाजत आलाय.

दुसरं लिहायला जरा अवघड आहे. इथे मी बडबडी म्हणून प्रसिद्ध. कॉलेजात कोणाला टोपी घालायची, कोणाची नक्कल करायची, तर मला पुढे करायचे. तिथे मी गप्प मुलगी झाले. अगदी शहाणी, सोज्वळ. कारण तीन-चार जण बोलायला लागले की मला सुचलेलं उत्तर मनातल्या मनात क्रियापदाच्या रूपांसकट जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. सगळे हसले की मी दीड सेकंद उशिरा हसायची. एका मुलीने मला "किती शांत स्वभाव आहे तुझा" असं म्हटलं, कौतुकाने. त्या रात्री खोलीवर येऊन रडले. घरची आठवण वगैरे काही नव्हतं. मी असते कशी हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, त्याचं रडू आलं.

हे फेब्रुवारीपर्यंत चाललं. मग काय झालं ते नंतर लिहिते, आता झोप येतेय.

---

आडगाव_नाका | १३ जुलै, सकाळी ७:१५

ताई, देवासारखा धागा काढलात. मी सप्टेंबरमध्ये तिथेच चाललोय, त्याच गावात. प्रश्न खूप आहेत पण आधी एक: कुकर न्यावा का? आई तीन लिटरचा घे म्हणते, बाबा म्हणतात बॅगेत दोन किलो वाया.

---

निफाडची_थंडी | १३ जुलै, सकाळी ९:०२

थंडीचं सांग. आमच्याकडे निफाडला पारा पाच-सहावर आला की पेपरात फोटो येतो.

---

शाळामास्तर | १३ जुलै, सकाळी ११:३०

जेवणाच्या वेळेबद्दल थोडी भर. स्पेन नकाशावर जवळजवळ लंडनच्या उभ्या रेषेत आहे, पण घड्याळ लावलंय बर्लिनचं. १९४० साली बदललं ते परत फिरवलंच नाही. म्हणजे घड्याळात दोन वाजलेले असतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने बारा-साडेबाराच. तिथली माणसं सूर्याप्रमाणे वेळेवरच जेवत असतात.

---

गोदाकाठ | १३ जुलै, दुपारी ४:१०

मास्तर, हे आईला वाचून दाखवलं. "मग तू नाशिकच्या सूर्याप्रमाणे जेव" असं उत्तर मिळालं. बाकी खरंय तुमचं, जूनमध्ये तिथे रात्री दहाला सूर्य मावळतो. आठ वाजता लख्ख उन्हात आज्जीबाई लिपस्टिक लावून चौकात फिरायला निघतात.

@निफाडची_थंडी, गाव साधारण आठशे मीटर उंचीवर, पठारावर. जानेवारीत रात्री शून्याखाली हे नेहमीचंच. पण घरात एक गंमत असते. मी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींकडे भाड्याने राहत होते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्याकडे 'मेसा कामिया' होतं. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी जाड गोधडीसारखी चादर, आणि टेबलाखाली शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची असायची, आता विजेची. खुर्चीत बसायचं, चादर मांडीवर ओढायची, पाय शेगडीजवळ. वर वही-पेन, खाली शेकोटी. सगळा हिवाळा माझा अभ्यास त्या टेबलावर झाला. पाय भाजायचे आणि नाक गार. आजी समोर बसून विणायच्या आणि माझी वाक्यं दुरुस्त करायच्या, न विचारता.

@आडगाव_नाका, कुकर ने. त्याची मोठी गोष्ट आहे, सांगते. हिंग, गोडा मसाला ने. बेसन नेऊ नकोस, 'आरिना दे गार्बान्थो' नावाने तिथल्या साध्या दुकानात मिळतं. गार्बान्थो म्हणजे आपले काबुली चणे, त्यामुळे पिठल्याला चव किंचित वेगळी येते, पण पिठलं होतं. मसूर तर त्या गावाचीच प्रसिद्ध आहे, शेजारच्या ला आर्मुन्या भागातली. पोहे मला कुठे दिसले नाहीत.

---

पंचवटी_एक्स्प्रेस | १३ जुलै, संध्याकाळी ६:४५

शाकाहारी लोकांचं काय होतं तिथे? बहिणीला पाठवायचा विचार आहे, ती अंडंही खात नाही.

---

गोदाकाठ | १३ जुलै, रात्री ११:५५

"मी शाकाहारी आहे" म्हटलं की मान डोलावतात आणि मासे आणून ठेवतात. मांस म्हणजे फक्त लाल मांस असा समज. माझं पहिलं 'भाज्यांचं सॅलड' आलं, त्यावर ट्यूना. ट्यूनाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'आतून'. वेटर म्हणतोय "सोलो आतून", म्हणजे फक्त ट्यूनाच आहे हो. मला वाटलं, आतून काय आहे? आतून बघितलं तर 'आतून'.

मसुराच्या आमटीत चोरिथो सॉसेज, कोबीत हॅमचे बारीक तुकडे, सूप हाडांच्या पाण्यातलं. एकेका पदार्थाचं नाव घेऊन "याशिवाय" म्हणायला शिकायचं: सिन आतून, सिन खामोन, सिन काल्दो, म्हणजे ट्यूनाशिवाय, हॅमशिवाय, हाडांच्या पाण्याशिवाय. अंडं चालत असेल तर बटाट्याच्या तोर्तियावर (जाड ऑम्लेट) जगता येतं. तुमच्या बहिणीला स्वयंपाकघर असलेलीच खोली बघा, यात तडजोड नको.

---

द्राक्षबाग_दिंडोरी | १४ जुलै, सकाळी ६:२०

आम्ही शेतकरी माणूस, भाषेचं कळत नाही. ऐकलंय की स्पेनमध्ये नवीन वर्षाला द्राक्षं खातात. कुठली जात? भाव काय?

---

गोदाकाठ | १४ जुलै, दुपारी १:३०

दादा, तुमचाच प्रश्न सगळ्यात आवडला. ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची, एका ठोक्याला एक. माद्रिदच्या मोठ्या घड्याळाचे ठोके टीव्हीवर लावतात आणि अख्खा देश तोंड भरून बसतो. मी म्हटलं, आपण नाशिकचे, आपल्याला काय अवघड. पाचव्या द्राक्षाला ठसका लागला, कारण त्यात बिया! आपल्या बिनबियांच्या थॉमसनची सवय. आजींनी स्वतःची बारा आधीच सोलून, बिया काढून वाटीत ठेवली होती आणि मला सांगितलं नव्हतं. दुकानात सोललेल्या बारा द्राक्षांचे छोटे डबेसुद्धा मिळतात, बरोब्बर बारा.

जात आलेदो, आलिकांते भागातली. आणि हे तुम्हाला आवडेल: घड वेलीवर असतानाच त्यांना कागदी पिशव्या बांधतात, काढणीपर्यंत. मी आजींना फोनवर आमच्या मावशीच्या बागेतला फोटो दाखवला, घडांना वर्तमानपत्र गुंडाळलेला. त्या चष्मा लावून बघत बसल्या आणि म्हणाल्या, पेपरात काय लिहिलंय ते वाच. झूम करून वाचलं. कांद्याच्या भावाची बातमी होती.

भाव विचारला नाही, चुकलंच.

---

द्राक्षबाग_दिंडोरी | १४ जुलै, रात्री ८:०५

कागद आम्ही मणी गुलाबी पडू नये आणि उन्हाने भाजू नये म्हणून लावतो. सोललेल्या बारा मण्यांचा डबा... डोकं आहे लोकांना. इथे किलोने विकून हाती काही लागत नाही.

---

सातपूर_एमआयडीसी | १५ जुलै, सकाळी १०:१०

सगळं छान. पण स्पॅनिश शिकून पुढे काय? त्या पैशात इथे काहीतरी झालं असतं.

---

गोदाकाठ | १५ जुलै, दुपारी २:४०

प्रश्न रास्त आहे, बाबांनीही विचारला होता. वीस देशांची राजभाषा आहे, त्यामुळे कामं असतात: भाषांतर, कंपन्यांचं बॅक ऑफिस, शिकवणं. जास्त करून पुणे-बंगळुरात, नाशिकमध्ये फार नाही. मुलाखतीत मला दोन ठिकाणी सी-वन आहे का विचारलं, माझं बी-टू आहे, त्यामुळे अजून अभ्यास चालू आहे. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, सिएले या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षांत संपतं, फी भरण्याआधी एवढं बघा. हमखास नोकरी लागते असं कोणी क्लासवाला सांगत असेल तर चहा पिऊन परत या.

---

आडगाव_नाका | १५ जुलै, संध्याकाळी ५:००

ताई, कार्ड आणि नोंदणीचं सांगा. आणि बोलताना कुठे फजिती होते तेही.

---

गोदाकाठ | १६ जुलै, रात्री १२:२०

कागदपत्रं लवकर आटपते, कंटाळवाणी आहेत. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असशील तर पोचल्यापासून महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज. त्यासाठी आधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिचं नाव 'एम्पाद्रोनामिएन्तो'. घरमालक नोंद करू देणार का हे खोली ठरवतानाच विचार. माझ्या पहिल्या घरमालकाने ऐनवेळी नाही म्हटलं, म्हणून तर मी आजींकडे आले. सगळीकडे 'थिता' म्हणजे आगाऊ वेळ लागते. विमानातून उतरल्या उतरल्या ती शोधायला लाग. ठसे घेतात, मग काही आठवड्यांनी कार्ड. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स.

नावाची भानगड मात्र सविस्तर. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडून, एक आईकडून. बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. एका बँकेत काउंटरवरच्या बाईंनी बाबांचं नाव पहिल्या आडनावाच्या जागी टाकलं. मी बाकावर बसलेली, आणि आतून (आपलं मराठी आतून) कोणीतरी बाबांच्या नावाने हाक मारली. मी चटकन मागे वळून बघितलं, बाबा खरंच आले की काय म्हणून. वर्षभर बँकेच्या लेखी मी म्हणजे बाबा.

फजिती: गरम होतंय म्हणायला 'एस्तोय कालिएन्ते' म्हणू नकोस, भलताच अर्थ होतो. 'तेंगो कालोर' म्हण. सर्दी झालीय का हे विचारायला ते 'कॉन्स्तिपादा' शब्द वापरतात. आजींनी जेवताना विचारलं तेव्हा मी लाजून "नाही नाही, पोट साफ आहे" असं सविस्तर सांगितलं.

पण खरी फजिती घरच्या फोनची. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलांच्या भाषेतली शी. 'बाबा' म्हणजे तोंडातून गळणारी लाळ. 'आय' म्हणजे अयाई गं. आणि 'मामा' म्हणजे आई. मी रोज संध्याकाळी साडेचारला, म्हणजे आपले नऊ, त्या टेबलाशी बसून जोरजोरात बोलायची: "आई, बाबा कुठेत? काका आले का? काकांना दे!" आजी आठवडाभर ऐकत होत्या. मग त्यांनी हळूच त्यांच्या मुलीला विचारलं की हिच्या घरी कोणी आजारी आहे का.

---

रविवार_कारंजा | १६ जुलै, सकाळी ८:३०

ऑफिसला जाताना बसमध्ये वाचलं, शेजारचा माणूस बघायला लागला. आता काकांना फोन कसा करू?

---

शाळामास्तर | १६ जुलै, सकाळी १०:००

मराठी माणसाला स्पॅनिश सोपं जातं का? मी ऐकलंय की पगार, बटाटा, चावी हे शब्द तिथलेच.

---

गोदाकाठ | १६ जुलै, दुपारी ३:१५

ते पोर्तुगीजांकडून आले मास्तर, स्पॅनिश सख्खी बहीण म्हणून ओळखीचे वाटतात. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपण देण्याचं घेणं केलं.

सोपं जातं ते वेगळ्याच ठिकाणी. 'मे गुस्ता' शिकवायला मास्तरणीने तीन दिवस घेतले. वर्गातली अमेरिकन मुलं पुन्हापुन्हा "मी आवडतो कॉफी" या छापाचं काहीतरी बोलायची. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, अरे, हे तर 'मला आवडतं'! 'मे' म्हणजे मला. एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. डोकं दुखतं तेही तसंच. त्या तीन दिवसांत मी वर्गात राणी होते. तू आणि तुम्ही तयार आहे, त आणि द तयार आहेत (फक्त इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणू नका), 'न्य' तयार आहे. निघताना ते 'जातो' न म्हणता 'आस्ता लुएगो' म्हणतात, भेटूच म्हणून, दुकानातल्या अनोळखी माणसालाही. आपलं 'येते हं' तसंच. मग आपल्या एका 'आहे' साठी दोन वेगळी क्रियापदं आली आणि राणी परत शेवटच्या बाकावर.

---

निफाडची_थंडी | १६ जुलै, रात्री ९:४०

फेब्रुवारीचं राहिलं. आणि कुकरचं.

---

आडगाव_नाका | २४ जुलै, रात्री १०:०५

ताई?

---

गोदाकाठ | ३० जुलै, रात्री १:०५

काल सांगत होते त्याप्रमाणे... चिडू नका, याला आधार आहे. त्या विद्यापीठात फ्राय लुइस दे लेओन नावाचे प्राध्यापक होते. १५७२ ते १५७६ तुरुंगात होते, धर्मपीठाने टाकलं होतं. सुटून वर्गात आले आणि "काल आपण म्हणत होतो" अशी सुरुवात केली अशी आख्यायिका आहे. माझे दोनच आठवडे गेले, तेही सी-वनच्या अभ्यासात.

तर कुकर. आजींच्या घरी गॅसचा सिलिंडर होता, आपल्यासारखाच, पण नारिंगी, साडेबारा किलोचा. गॅसवाला तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा आणि दारात येऊन रागाने माझ्याकडे बघायचा, जणू मीच लिफ्ट काढून टाकली. प्रेशर कुकर तिथेही घरोघरी असतात, पण ते हळूच फुसफुसतात. आपल्यासारखी शिट्टी त्यांनी ऐकलेली नसते. ऑक्टोबरात मी पहिल्यांदा मसूर लावली. पहिली शिट्टी झाली आणि आजी नाइटगाऊनमध्ये धावत आल्या, गॅस बंद केला, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवलं. त्यानंतर मी आजी बाहेर गेल्या की चोरून कुकर लावायची.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांच्याकडे मुलगी, जावई, दोन नातू जेवायला होते. मला मसूर करायला सांगितली, चोरिथोशिवाय. सगळे टेबलाभोवती, चादरीखाली पाय. बोलणं नेहमीसारखं माझ्या डोक्यावरून चाललेलं. आतून (मराठी) शिट्टी झाली. सगळे दचकले, जावयाचा ग्लास सांडला. "हे काय?" आणि माझ्या तोंडून, काहीही न जुळवता, निघून गेलं: "एस एल त्रेन. प्रोक्सिमा एस्ताथिओन: लेन्तेखास." म्हणजे, रेल्वे आहे. पुढचं स्टेशन मसूर.

नाशिकरोडच्या फलाटावरची घोषणा कानात होती, तोच सूर लागला. आधी आजी हसल्या, मग सगळे. वर्गात माझ्या चुकांवर हसायचे तसं नव्हतं ते. दुसऱ्या शिट्टीला धाकटा नातू उभा राहून ओरडला, "चला, उतरा!"

त्या दिवसापासून सगळं सोपं झालं असं काही नाही. मार्चमध्ये व्याकरणाच्या परीक्षेत काठावर पास झाले. पण आजी शेजारणीला माझी ओळख करून द्यायच्या ती बदलली. आधी "ही माझी भाडेकरू, फार गुणी", नंतर "हिच्यापासून जपून".

कुकर त्यांच्याकडेच ठेवून आलेय.

---

आडगाव_नाका | ३० जुलै, सकाळी ७:००

म्हणजे मी न्यायला नको?

---

गोदाकाठ | ३० जुलै, दुपारी १२:३०

तुझा ने. आजींचा मागू नकोस, देणार नाहीत. त्यांच्यासाठी पाव किलो बेदाणे आणि कमी तिखट चिवडा नेशील का? पत्ता व्यक्तिगत निरोपात देते. प्लाथा मायोर म्हणजे मुख्य चौकात घड्याळाखाली उभा राहा, त्या येऊन घेऊन जातील. गावात सगळे तिथेच भेटतात, चुकणार नाहीस.

---

आडगाव_नाका | २८ सप्टेंबर, रात्री २:१५

पोचलो. पहिला रविवार. ताईंचं वाचूनसुद्धा ब्रेड आणून ठेवायचा विसरलो, म्हणून दुपारी बेदाण्यांचा पुडा घेऊन घड्याळाखाली उभा राहिलो. आजी आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काका कसे आहेत?"

घरी नेऊन जेवायला घातलं. मसूर होती. मला चाळीस टक्के कळलं, उरलेल्याला हसत होतो, दीड सेकंद उशिरा. कुकर लावला तेव्हा आजी बोट वर करून मोजत होत्या, उनो, दोस, त्रेस...

---

गोदाकाठ | २८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

तीनला उतरवला ना? मी तीन शिकवल्या होत्या.

---

आडगाव_नाका | २८ सप्टेंबर, दुपारी १:५०

चार. म्हणाल्या, ती नाशिकची मुलगी कच्चीच उतरवायची.